मध्यंतरानंतर उरलेली मैत्रीण

यशू,

तुझ्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुझ्या ऑफिसातल्या बाई तुझ्या शिस्तीबद्दल बोलल्या, विहारातले काका तुझ्या वाचनाबद्दल बोलले, आणि मग तुझ्या लेकाने, राहुलने, माझ्याकडे पाहिलं. मी उठले, माइक घेतला आणि म्हणाले की यशोधरा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, स्वभावाने स्पष्ट, मनाने प्रेमळ. लोक माना हलवत होते. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेली बाई मी, आणि तुझ्याबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा सातवीच्या निबंधातली वाक्यं तोंडात आली. खाली बसले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. तू असतीस तर कोपर मारून म्हणाली असतीस, सुले, हे नक्की कुणाबद्दल बोललीस?

जे खरं सांगायचं होतं ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. समोर बुद्धमूर्ती, पांढरी फुलं, तुझा तो पासपोर्टसाठी काढलेला चेहरा मोठा करून लावलेला. त्यापुढे उभं राहून मी काय सांगणार होते, की आम्ही दोघी जन्मभर एका रक्तपिशाच्चाच्या सिनेमावरून भांडलो? आणि त्या भांडणाचा शेवट तू केलाच नाहीस, तशीच उठून गेलीस? म्हणून इथे लिहितेय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. तू आयुष्यभर मला तेच शिकवत आलीस, मेलेलं माणूस कुठेही जात नाही आणि कुठून बघतही नाही. पण माझी बडबडायची सवय तुला ठाऊक आहे.

तो जुना सिनेमा आपण पाहिला तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. तुझे वडील आणि माझे वडील, दोघेही घरी. बाप्यामाणूस दिवसभर घरात बसला की दहा बाय बाराची खोली किती लहान होते ते तेव्हा कळलं. तू एकदा कॉलेजच्या जिन्यात म्हणालीस, चल, कुठेतरी अंधारात जाऊन बसू. घरी लायब्ररीचं सांगितलं आणि परळच्या थिएटरात दुपारच्या खेळाला जाऊन बसलो. खुर्चीत ढेकूण, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि पडद्यावर डोंगरातली हवेली. नवी नवरी नवऱ्याबरोबर तिथे राहायला येते, सोबत तिची एक बडबडी मैत्रीण. आणि मग तो येतो. काळा झगा, त्याला लाल अस्तर, आणि बोलताना निसटणारे रबरी दात. आपण त्याचं नाव दातवाला ठेवलं. सिनेमाचं खरं नाव त्यानंतर आपण कधी घेतलंच नाही.

मी अर्धा सिनेमा ओढणीतून पाहिला. आमच्या घरी देवचार होता, हडळ होती, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नसत. तू मात्र पाय समोरच्या खुर्चीवर टाकून शेंगदाणे खात होतीस. तुझ्या वडिलांनी तुम्हा भावंडांना लहानपणीच सांगून टाकलं होतं, भूतबीत काही नसतं, माणूसच काय तो माणसाला खातो. मी तुला विचारलं होतं, विश्वासच नाही तर बघायला कशाला येतेस? तू म्हणालीस, "नसतं म्हणून तर बघायला मजा येते. असतं तर मीपण तुझ्यासारखी ओढणीत असते."

मध्यंतराच्या आधी दातवाल्याने त्या बडबड्या मैत्रिणीला संपवलं. बाहेर पडल्यावर तू जाहीर केलंस की नायिका तू आणि ती मैत्रीण मी. मी कितीही भांडले तरी ते पद मला कायमचं चिकटलं. माझ्या लग्नात, तुझ्या लग्नात, कुठल्याही फोटोत मी कडेला उभी राहिले की तू म्हणायचीस, चालली बघा मध्यंतराच्या आधी.

पण खरं भांडण शेवटावरून होतं. शेवटी नायिकेलाही तो चावलेला असतो, ती हळूहळू त्याच्यासारखी व्हायला लागते, आणि एका पहाटे ती झोपेत असताना नवरा तिच्या छातीत खुंटा ठोकतो. देवळातल्या घंटा वाजतात, तिचा चेहरा शांत होतो, समाप्त. मला ते योग्य वाटलं होतं. तू बसस्टॉपवर उभी राहून तावातावाने म्हणालीस, "अरे, तिला उठवायचं तरी! विचारायचं, बाई गं, तुला काय हवंय." मी म्हटलं, ती माणूस उरलीच नव्हती, विचारणार कुणाला? ते भांडण आपण मग किती ठिकाणी केलं. तुझ्या बाळंतपणात केलं, माझ्या सासूबाईंच्या आजारपणात केलं, तुझा नवरा गेल्यावर तू महिनाभर कुणाशी बोलत नव्हतीस तेव्हा तुला बोलतं करायला मी मुद्दाम तेच उकरून काढलं होतं. तेव्हा तू पहिल्यांदा तोंड उघडलंस, ते मला मूर्ख म्हणायला.

या वर्षी त्या सिनेमाचा नवा अवतार येतोय असं पेपरात आलं तेव्हा तुझा कॅन्सर परत आलेला होता. पहिल्या वेळी तू हसतखेळत पार पडलीस. या वेळी केमोने तुला पार पिळून काढलं. तोंड आलेलं, चव गेलेली, हातापायांना मुंग्या. मी पेपरातलं ते कात्रण घेऊन तुझ्याकडे आले, तर तू झोपल्याझोपल्या हात झटकलास. जुन्याला हात लावायचं काही कारण नव्हतं म्हणालीस. आता तो दातवाला चकचकीत होणार, गाणी म्हणणार, जिममध्ये जाणार. "भिकार असणार," तू म्हणालीस. "भिकार असणार हे बघायला तरी जाऊ," मी म्हटलं. त्यावर तू हसलीस, आणि मला वाटलं, जमलं.

राहुल नाहीच म्हणत होता. गर्दीत न्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शेवटी आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारच्या खेळाला, मास्क लावून, टॅक्सीने जायचं, यावर तो तयार झाला. मे महिना, आणि तुझ्या डोक्यावर त्याची लोकरीची टोपी. लोअर परळच्या त्या मॉलमध्ये सरकता जिना चढताना तू माझा दंड धरलास. एवढा हलका हात की मी मान वळवून बघितलं, खरंच धरलायस की नाही.

आत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. तू सुरुवातीलाच सांगून टाकलंस, मला झोप लागली तर उठवू नकोस. आणि मग तो सिनेमा सुरू झाला, यशू, आणि आपण दोघीही गप्प झालो.

हवेली तीच, पण आता ते लग्नाचं हॉटेल झालेलं. दिव्यांच्या माळा, मेंदी, संगीत, वऱ्हाड. आणि तो दातवाला तिथला मॅनेजर. झगा नाही, लाल अस्तर नाही. साधा काळा कोट, जरा थकलेला, वाकून बोलणारा माणूस. कुणी आत बोलावल्याशिवाय त्याला खोलीत पाऊल टाकता येत नाही. म्हणून तो दारावरची बेल दाबतो आणि मंद आवाजात म्हणतो, रूम सर्विस, आत येऊ का? एवढंच. पहिल्यांदा त्याने बेल दाबली तेव्हा तू माझ्याकडे झुकून म्हणालीस, हा चांगला आहे हं. नंतर ती बहिरी आजी एकटी खोलीत बसलेली असते, बेल वाजते, आणि ती प्रेमाने म्हणते, ये बाळा, ये. सगळं थिएटर कण्हलं. तू मास्क खाली ओढून मोठ्याने म्हणालीस, "आजी, नका हो." पुढच्या रांगेतल्या मुली वळून हसायला लागल्या. तूही हसलीस, आणि हसताहसता खोकलीस, आणि मी पाण्याची बाटली काढेपर्यंत पडद्यावर त्या आजीचं जे व्हायचं ते झालं होतं.

मध्यंतर झालं. दिवे लागले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो.

"सुले," तू म्हणालीस, "तू जिवंत आहेस अजून."

खरंच की. नव्या सिनेमात त्या बडबड्या मैत्रिणीला त्यांनी मारलं नव्हतं. उलट सगळ्यांच्या आधी तिलाच संशय आला होता. मी कॉफी आणायला गेले तेव्हा माझं मन कारण नसताना भरून आलं होतं. एका फालतू सिनेमातली मुलगी जगली म्हणून.

उत्तरार्धात आपण पार बुडालो. मॅनेजर मेल्यावर सिनेमा संपेल असं वाटलं होतं, पण संपला नाही, कारण नवरीला तो आधीच चावलेला होता. नवरा पळून जातो. पहाटे गच्चीवर त्या दोघीच उरतात. मैत्रीण म्हणते, आपण खाली जाऊ, गाडी काढू, शहरात डॉक्टर आहेत, काहीतरी उपाय असेल. नवरी तिला शांतपणे सांगते, मला भूक लागलीय आणि समोर तूच आहेस. मग ती, ऊन लागलं की आपण संपणार हे ठाऊक असून, कठड्याला टेकून उगवतीकडे तोंड करून बसते आणि म्हणते, थांबायचं असेल तर थांब, पण मला आत नेऊ नकोस. मैत्रीण रडते, भांडते, ओढून बघते, आणि मग जवळ बसते. ऊन येतं तेव्हा कॅमेरा नवरीवर नाहीच. तो त्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर राहतो, शेवटपर्यंत. बस.

नावं सरकायला लागली, झाडूवाला आत आला तरी तू उठली नाहीस. मी म्हटलं, बरा होता. तू म्हणालीस, "बरा काय, जुन्यापेक्षा चांगला होता. चांगलाच होता गं." मान्य करताना तुझा आवाज जरा दुखावल्यासारखा होता.

तुला पियूष प्यायचं होतं. गार, गोड, तोंडाला झोंबणार नाही असं काहीतरी. टॅक्सी दादरला घेतली. त्या जुन्या उपाहारगृहात कोपऱ्यातलं टेबल मिळालं. मी सिनेमाबद्दलच बडबडत होते, की चाळीस वर्षांनी का होईना तुझं म्हणणं त्यांनी ऐकलं, नायिकेला विचारलं. तू ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत होतीस. मग म्हणालीस, "सुले, मी पुढची केमो घेत नाहीये."

मला वाटलं, पुढच्या आठवड्यातली. मी म्हटलं, रक्त वाढलं की घेऊ.

"नाही. घेतच नाहीये."

मला राग आला. दुःख नंतर आलं, आधी राग आला. मी विचारलं, सिनेमा बघून ठरवलंस काय?

"येडी आहेस का. ठरवलं आधीच. डॉक्टरांशी बोललेय. फक्त तुला कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. आज आयतं मिळालं."

मग तू सगळं नीट सांगितलंस. औषधाने काही महिने वाढतील, कदाचित, पण ते महिने असेच जातील, पलंग आणि बादली, बादली आणि पलंग. त्यापेक्षा थोडे कमी चालतील, पण ते तुझे असतील. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, त्या मुलीची गोष्ट वेगळी होती. तिच्यामुळे दुसऱ्याचा जीव जाणार होता. तुझ्यामुळे कुणाचा जातोय?

तू लगेच उत्तर दिलंस. "राहुलचा."

त्याने नोकरीवरून बिनपगारी रजा घेतली होती. रात्रंदिवस तुझ्याजवळ. लग्न जमत आलेलं ते त्याने पुढे ढकललं होतं. हे मला माहीत होतं, पण तू ते असं एका शब्दात टेबलावर ठेवलंस. आणि मग जे बोलायला नको होतं की हवं होतं हे मला अजून कळत नाही, ते मी बोलले.

"त्याला विचारलंस?"

तू पियूष संपवलंस. रुमालाने ओठ टिपलेस. म्हणालीस, निघू या, टॅक्सी नंतर मिळत नाही. आपलं भांडण तिथे थांबलं, यशू. त्यानंतर तू मला त्याचं उत्तर दिलंच नाहीस.

राहुलला तू सांगितलंस, पण विचारलं नाहीस. दुसऱ्याच दिवशी त्याचा मला फोन आला. मावशी, तू समजाव, ती तुझंच ऐकते. मी म्हटलं, ती माझं कधीच ऐकत नाही, पण बघते. आणि मी महिनाभर लावून धरलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ म्हटलं. आयुर्वेद म्हटलं. एकदा तर कॉलेजातल्या कुणाच्या तरी मावसबहिणीला कसल्या काढ्याने गुण आला ते सांगत बसले. तू सगळं ऐकायचीस, चहा प्यायचीस आणि विचारायचीस, झालं?

गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायला मी दादाला सांगितलं होतं ते तुला कळणार नाही असं मला वाटलं होतं. पण दादाने नेमका तू माझ्या घरी असताना फोन केला, आणि त्याचा आवाज असा की बोळातही ऐकू जावा. "गाऱ्हाणां घातलंय गे, बरी होतली ती, काळजी करू नको." मी फोन ठेवला. तू माझ्याकडे बघत होतीस, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"माझ्या नावाने नारळ फोडलास?"

मी म्हटलं, हो.

"देवाला माझं आडनाव सांगितलंस?"

मी ओट्याकडे वळले. दादाने यशोधरा एवढंच सांगितलं होतं. तू मला फार वेळ तसं ठेवलं नाहीस. उठून माझ्या गालावर हलकी चापट मारलीस आणि म्हणालीस, असू दे, प्रेमाने केलंस, खोबरं तरी कुणाच्या पोटात गेलं असेल. पण त्या प्रश्नावर आपण दोघींनी कधीतरी नीट बोलायला हवं होतं. एवढ्या वर्षांत बोललो नाही. आपण दातवाल्यावर बोललो.

आणि तुला एक सांगायचंय. औषधं थांबल्यावर तुझ्या तोंडाला चव आली, डोक्यावर मऊ पांढरे केस उगवले, आणि जे दिवस 'माझे असतील' असं तू म्हणाली होतीस ते खरंच तुझे होते. मी नको म्हणत होते तरी मलाही त्यातले मिळाले. ठाकूरद्वारला जाऊन तू राहुलच्या होणाऱ्या बायकोसाठी पातळ निवडलंस, दुकानदाराला घाम फोडलास. माटुंग्याच्या बाजारात फुलांच्या रांगेत उभी राहून नुसता वास घेतलास. लालबागला माझ्या घरी येऊन खिडकीत बसून सुकं मटण खाल्लंस आणि बोटं चाटलीस. राहुलचं लग्न चार माणसांत विहारात लावून घेतलंस. वधूवरांपेक्षा जास्त फोटो तुझे निघाले.

एका दुपारी माझ्या घरी आपण जुना सिनेमा शोधून काढला. नातीने टीव्हीवर लावून दिला. आपण नव्यासारखं सरसावून बसलो, आणि थोड्याच वेळात एकमेकींकडे बघायला लागलो. वटवाघळाची दोरी दिसत होती. हवेलीची भिंत वाऱ्याने हलत होती. दातवाला एक वाक्य बोलायला इतका वेळ घेत होता की तू मधे भाजी निवडलीस.

"एवढ्या भिकार सिनेमावर आपण जन्म काढला?" तू म्हणालीस.

मी म्हटलं, तूच मला नेलंस.

आपण इतक्या हसलो की खालच्या वहिनी वर आल्या. मग हसण्यानेच दमलीस आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलंस. शेवट येईपर्यंत तुला झोप लागली होती. मी आवाज बंद केला आणि एकटीने तो शेवट पाहिला. नवरा खुंटा घेऊन येतो, ती झोपलेली. पहिल्यांदाच मला तो बघवला नाही. तुला उठवून सांगावंसं वाटलं की तुझंच बरोबर होतं, त्याने तिला उठवायला हवं होतं. पण तू इतकी गाढ झोपली होतीस. मी उठवलं नाही, आणि नंतर सांगायचं राहून गेलं. आता सांगते. तुझं बरोबर होतं.

मला वाटत होतं, शेवटही तसाच शांत होईल. तसं झालं नाही.

त्या दिवशी सकाळी राहुलचा फोन आला तेव्हा मी नुकती आंघोळ करून निघाले होते. तुझ्या घरी आले तर तू पलंगावर बसलेली, दोन्ही हात गादीवर रोवलेले, आणि श्वास वरच्या वर. नर्सने दिलेलं औषध झालं होतं. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं की असं होईल, तेव्हा काय करायचं तेही सांगितलं होतं, आणि तू स्वतः आम्हा दोघांकडून वचन घेतलं होतंस की कुठे न्यायचं नाही. पण तुझे डोळे मी कधी पाहिले नव्हते असे झाले होते. तू जन्मात कशाला घाबरली नव्हतीस. त्या सकाळी घाबरली होतीस. तू माझं मनगट धरलंस, इतकं घट्ट की नंतर वळ उठले, आणि म्हणालीस, "सुले, हॉस्पिटल."

राहुलने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मग आम्ही काही विचार केला नाही. त्याने तुला उचललं.

तिथे ऑक्सिजन लावला. तुझ्या श्वासाची घाई थोडी कमी झाली. मास्कच्या आत तू काहीतरी बोललीस, मी कान जवळ नेला, पण कळलं नाही. मी म्हटलं, नंतर बोल, आधी श्वास घे. तू मान हलवलीस, हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळलं नाही. दुपार व्हायच्या आत तू गेलीस. राहुल एका बाजूला, मी एका बाजूला. खिडकीला पडदा होता.

जलदान विधी झाला, शोकसभा झाली, पाहुणे गेले. काल मी राहुलकडे डबा घेऊन गेले. सूनबाई तिच्या आईकडे गेली होती, तो एकटाच होता, दाढी वाढलेली. त्याने डबा उघडला नाही. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला आणि विचारलं, "मावशी, आई शेवटी हॉस्पिटल म्हणाली. म्हणजे तिला जगायचं होतं ना? म्हणजे आपण तेव्हा तिचं ऐकायलाच नको होतं?"

किती दिवस हा प्रश्न तो उराशी घेऊन पाहुण्यांना चहा देत होता कोण जाणे.

हाच प्रश्न मलाही पडलाय, यशू. त्या दिवसापासून रोज पडतो. तू औषधं थांबवलीस ते चुकलं असं तुला त्या सकाळी वाटलं का? की नुसता श्वास हवा होता? मास्कच्या आत काय बोललीस? मला माहीत नाही. तुझ्याशी सर्वात जास्त भांडलेली बाई मी, आणि मला माहीत नाही.

मी त्याला म्हटलं, "तिला श्वास हवा होता, राहुल. बुडणारा माणूस हात वर करतो, तसं होतं ते. तिचं ठरलेलं बदललं नव्हतं."

"तुला काय माहीत?"

"मला सांगितलं तिने. तिथे, मास्कमधून. म्हणाली, बरं केलं थांबवलं ते. राहुलला सांग."

तो रडला, तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, लहानपणी रडायचा तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. रडून झाल्यावर त्याने तोंड धुतलं, डबा उघडला आणि सगळं जेवला. म्हणाला, सोमवारपासून कामावर जातो.

मी तुझ्या तोंडी खोटं घातलं, यशू. तुला न विचारता. तू असतीस तर माझ्याशी भांडली असतीस की गप्प बसली असतीस, याचा मी काल घरी येताना आख्खा रस्ता विचार केला, आणि मला ठरवता आलं नाही. पण राहुल पुन्हा विचारेल. वर्षाने विचारेल, पोर झाल्यावर विचारेल, मी म्हातारी होऊन विसरायला लागले की खात्री करायला विचारेल. तेव्हाही मी त्याला हेच सांगेन, याच शब्दांत.